बांधावरचा वसवा

संक्रांत होऊन गेली तरी आसारामच्या डोक्यातून बांधावरची झाडं जात नव्हती. दिवाळीपासून त्यानं तेच धरलं होतं. सकाळी साळूबाई शेळ्यांना पाला पाडायला आकडी घेऊन बांधावर आली, की पलीकडून त्याचा आवाज यायचा. आधी हसत हसत, मग कुरकुरत, आणि आता तर सरळ हुकूम सोडल्यासारखा.

"वहिनी, निस्त्या फांद्या खाली घेऊन भागायचं न्हाई. बुडातून गेली पायजेत."

आसाराम साळूबाईचा धाकटा दीर. गर्भगिरीच्या पायथ्याला, पाथर्डीच्या वरच्या अंगाला दोघा भावांची रानं एकमेकाला लागून होती. मधी एक बांध. त्या बांधावर दोन हिवर, तीन कडुलिंब आणि एक जुनी बाभूळ. खालच्या टोकाला सामाईक विहीर. यंदा आसारामनं एका बियाणं कंपनीसाठी कांद्याचं बी धरलं होतं. निवडक कांदे सऱ्यांत पुरलेले, त्यांना आता गुडघाभर दांडे आलेले, दांड्याच्या शेंड्याला मिटलेले गोंडे. ते उमलायचे, त्यात काळं बी भरायचं, आणि ते कंपनी उचलायची. पण बांधालगतच्या सऱ्या खुरटल्या होत्या. झाडांची सावली आणि मुळांची ओढ, दोन्हींचा वसवा पडला होता. साळूबाईला ते दिसत होतं. वसवा पडत नाही असं ती कधी म्हणालीच नाही. तिचं म्हणणं एवढंच, की फांद्या मी छाटून देते, पण झाड राहू द्या.

लग्न झाल्यावर कितीतरी हंगाम ती नवऱ्याबरोबर, सहादेवबरोबर, कोयता घेऊन ऊसतोडीला गेली होती. कधी देवळाली प्रवराच्या शिवारात, कधी संगमनेरकडं. तिकडं नजर जाईल तिथवर ऊस, पण टेकायला झाड नाही. आदिनाथ अंगावर पीत होता तेव्हा ती त्याला बैलगाडीखाली पटकुरावर निजवायची. गाडी भरून हलली, की पोर पुन्हा उन्हात. उचलून घेतलं की त्याची टाळू हाताला तव्यासारखी लागायची. पुढं सहादेवची कंबर गेली आणि कोयता सुटला. घरी राहून रान करायचं ठरलं, तेव्हा साळूबाईनं नांगराच्या तासात उगवलेलं एकेक रोप वाचवायला सुरुवात केली. बोराचं, लिंबाचं, हिवराचं. सहादेव बैलांना वळसा घालायला लावायचा आणि हसायचा. मग तिनं शेवग्याची रांग लावली, सीताफळं लावली, रामफळ लावलं. झाडांच्या मधल्या पट्ट्यात बाजरी, तूर, मटकी, आणि विहिरीजवळच्या वाफ्यात शेळ्यांना लसूणघास.

पाचोळा पडून पडून तिथला पांढरा मुरूम काळपट झाला होता. बाभळीला सुगरणीची घरटी लोंबायची. लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं होतं. त्याच लिंबाच्या दुसऱ्या ढोलीत मधमाश्यांचं मोहळ, आणि दिवाळी सरली की हिवराच्या उंच फांदीला आग्या मोहळ येऊन लटकायचं. मुंगूस, घोरपड, सरडे, होले. यातलं एकही तिनं आणून सोडलं नव्हतं. झाडं वाढली तशी ती आपापली आली. गावात मात्र त्या रानाला भुताचं रान म्हणायचे, आणि पेरणी उरकली की पारावर त्यावर विनोद व्हायचे. साळूबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण घरी आल्यावर भाकरी थापताना तिचा हात जरा जोरात पडायचा.

कंपनीचा हर्षल नावाचा पोरगा मोटारसायकलवर प्लॉट बघायला यायचा. एकदा तो आसारामच्या आधी पोचला आणि सावलीला लिंबाखाली थांबला. वर ढोलीकडं बघत राहिला. साळूबाई शेळ्या बांधत होती. तिला म्हणाला, "मावशी, हे मोहळ जपा. कांद्याच्या फुलात बी भरतं ते या माशीमुळं. लोकांना माश्यांच्या पेट्या भाड्यानं आणाव्या लागतात."

तिला वाटलं, आता झालं काम. एवढे दिवस आपण नुसतं नको नको म्हणत होतो, सांगायला कारण नव्हतं. ती तशीच अनवाणी आसारामच्या घराकडं गेली आणि त्याला बोलावून घेऊन आली. आसारामनं हर्षलला चहाचं विचारलं, पिकाचं विचारलं, मग झाडांकडं बोट केलं. सावलीनं नुकसान होतंय का नाही, एवढंच सांगा म्हणाला.

हर्षलनं गाडीची किल्ली बोटात फिरवली. "सावलीनं नुकसान होतं, ते तर आहेच."

"आन् माशीचं?" साळूबाई म्हणाली. "आत्ता मला काय सांगितलंत, तेच सांगा की यांना."

"दोन्ही बाजू असतात, मावशी. हा तुमचा घरातला विषय. तुम्ही बसून मिटवा."

त्यानं गाडीला किक मारली. आसाराम तिच्याकडं न बघताच म्हणाला, "सायबच म्हनले नुकसान व्हतंय." आणि तो सऱ्यांकडं निघून गेला. साळूबाईच्या तळपायात काटा मोडला होता. लिंबाच्या बुडाला बसून तो काढताना तिला स्वतःचाच राग आला, की या पोराच्या भरवशावर आपण पळत गेलो.

पुढं आसारामनं गावातली चार माणसं आणली आणि बांधाला दोरी लावली. या टोकाचा हद्दीचा दगड ते त्या टोकाचा. दोरीचं एक टोक धरायला त्यानं सहादेवलाच सांगितलं, आणि सहादेवनं ते धरलं. कमरेत वाकलेला तो माणूस दोरी ताणून उभा राहिला. दोरी एकेका बुंध्याच्या मधोमध गेली. झाडं सामाईक निघाली. माणसांनी माना हलवल्या. निम्मी त्याची आहेत, त्याचं नुकसान होतंय, बाईनं समजून घ्यावं, असं ते सहादेवला सांगू लागले. साळूबाई तिथंच उभी होती, तिला कोणी काही विचारलं नाही. निम्मी आपलीही आहेत, असं सहादेव म्हणेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो दोरी गुंडाळत राहिला.

त्यानंतर विहिरीची मोटार बिघडली. म्हणजे आसाराम तसं म्हणाला. स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली त्याच्या खिशात गेली. त्याच्या कांद्याला मात्र ठिबकनं पाणी चालू होतं. ते कसं, तर शेततळ्यातलं, असं तो सांगायचा. साळूबाईचा घास कडेनं पिवळा पडायला लागला. ती आणि सून पूजा कळशीनं पाणी ओढून वाफ्यात ओतायच्या. कळशीभर पाणी वाफ्यात पडलं की नुसता चर्र आवाज व्हायचा आणि जमीन कोरडीच. दोघींच्या तळहातांना दोरानं घट्टे आले. शेळ्या रिकाम्या गव्हाणीपुढं ओरडत राहायच्या.

आदिनाथ नागापूरच्या एमआयडीसीतलं काम सुटल्यापासून घरीच होता. त्याला आईचं ओरडणंही सोसत नव्हतं आणि शेळ्यांचंही. एका संध्याकाळी तो चुलत्याकडं जाऊन आला. पाय धुता धुता त्यानं सांगितलं, की उद्यापासून पाणी सुरू होईल.

"आन् त्याच्या बदल्यात?" साळूबाईनं विचारलं.

"बांधावरचीच जातेत. आतली कुनी मागितली न्हाईत."

"कुनाला इचारून शब्द दिलास?"

"दादांना इचारलं."

सहादेव ओसरीवर सुतळी वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "भाऊ हाय," तो म्हणाला. "रोज तोंड बघायचं त्याचं. जाऊ दे."

हे जाऊ दे साळूबाई सबंध संसारभर ऐकत आली होती. मुकादमानं उचलीत फसवलं तेव्हा जाऊ दे, वाटणीत वरचं मुरमाड रान वाट्याला आलं तेव्हा जाऊ दे. तिनं पितळीतली भाकरी तशीच झाकून ठेवली आणि शेळ्यांकडं गेली. भांडायचं तर कुणाशी, हेच तिला कळेना. एक नवरा, एक पोटचा पोरगा. आणि दोघंही वाईट नव्हते, म्हणून तर जास्त जीव जळत होता.

वखारवाला टेम्पो आणि कटर मशीन घेऊन आला. साळूबाईनं आसारामकडं एकच मागणं केलं. ढोलीचं लिंब तेवढं ठेवा, त्याची सावली माझ्याच अंगाला पडते. आसाराम चार माणसांदेखत मोठ्यानं म्हणाला, "ठिवतो की. वहिनींचा शब्द हाय." मग म्हणाला, मजुरांना प्यायला पाणी आणा. ती घरी जाऊन हंडा भरून निघाली. वाटेतच तिला मशीनचा सूर बदललेला ऐकू आला. हिवराच्या कठीण लाकडात ती किंचाळत होती, आता मऊ लाकडात सरसर गेल्यासारखी चालली होती. साळूबाई भराभर चालू लागली. पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडत होतं. ती बांधावर आली तेव्हा लिंब आडवं झालेलं होतं.

कापणारा सांगत होता, वरच्या झाडाची फांदी यात अडकली होती, हे काढल्याशिवाय ते पडत नव्हतं. खरं असेल, नसेल. ढोली फुटून मोहळाच्या पोळ्याचे तुकडे मातीत पडले होते आणि माश्यांचा काळा लोळ उठला होता. माणसं टेम्पोकडं पळाली. साळूबाई हंडा डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. माश्या तिच्या तोंडावर, मानेवर बसल्या. पूजानं तिला गोणपाटात गुंडाळून ओढत नेलं. पिंगळ्याचं जोडपं भर उन्हात बाहेर पडलं होतं. त्यांना दिसेना की काय, ती नुसती या फांदीवरून त्या फांदीवर आपटत होती आणि मागं कावळे लागले होते. उरलेल्या माश्यांवर दुपारून पेटता टेंभा फिरवला, तेव्हा मजूर कामाला लागले. आग्या मोहळ पहिलाच हिवर पडला तेव्हा उठून गेलं होतं.

तिचे डोळे सुजून मिटले. पूजा तोंडावर चुना लावत होती तेव्हा दारात आसारामचा आवाज आला. बघायला आला होता. बाहेर कुणाला तरी सांगत होता, की वहिनींनी पाळलेली माशी वहिनींनाच चावली. कुणीतरी हसलं. ते हसणं सहादेवचं नव्हतं एवढं तिनं मिटल्या डोळ्यांनी ओळखलं, पण सहादेव काही बोललाही नाही.

बांध उघडा पडला. पाणी मात्र सुरू झालं. घास हिरवा झाला, शेळ्या गप झाल्या, आणि आदिनाथ आईच्या पुढं पुढं करू लागला. आणलं का, नेलं का, चहा ठेवू का.  तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण समोर हिरवा घास दिसला की ती विळा घेऊन तोच कापायला बसायची. आसारामच्या शेतात उंदीर वाढले आणि त्यांनी ठिबकच्या नळ्या ठिकठिकाणी कुरतडल्या. तो नळ्या जोडत आणि कंपनीला शिव्या देत फिरायचा. प्लॅस्टिकच हलकं आलंय म्हणायचा.

माघ सरत आला तेव्हा गोंडे उमलले. सगळं रान पांढरं झालं, चांदण्या अंथरल्यासारखं. बांधालगतच्या सऱ्याही थोड्या सुधारल्या होत्या. आसाराम माणसं बोलावून दाखवायचा. मग हर्षल आला. तो सऱ्यांतून हिंडला, मधेच थांबला, एका गोंड्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिला. शेतात वाऱ्याचा आवाज तेवढा होता.

"माशी दिसत नाही," तो म्हणाला.

साळूबाई पलीकडं तूर झोडत होती. तिनं काठी थांबवली. आता तरी हा पुढचं वाक्य बोलेल, म्हणून ती ऐकत राहिली. हर्षलची नजर बांधावरच्या बुडख्यांवर गेली, तिथून साळूबाईवर आली आणि लगेच खाली वळली. पेट्या मागवा, एवढं बोलून त्यानं आसारामला कुणाचा तरी नंबर दिला. पेटीवाल्यांच्या सगळ्या पेट्या डाळिंबवाल्यांनी आधीच नेल्या होत्या. मग हर्षल हातानं परागीकरण करा म्हणाला. हाताला मलमलचं फडकं गुंडाळायचं आणि गोंड्यावरून फिरवायचं. या गोंड्याचं त्या गोंड्याला लागतं.

बायका मिळायची मारामार. गावातल्या निम्म्या घरांना कुलपं, माणसं तोडीला गेलेली. आसाराम वहिनीच्या दारात आला. उभ्या उभ्याच बोलला, रोजची मजुरी देतो म्हणाला, पूजालाही आणा म्हणाला. साळूबाई नाही म्हणणार होती. पण चैत्र-वैशाख पुढं होते, आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली अजून त्याच्याच खिशात होती. घरात कुणी तिला जा म्हणालं नाही. सगळे नुसते गप्प बसले, आणि ते गप्प बसणंच तिला जा म्हणाल्यासारखं लागलं.

दव उतरलं की काम सुरू व्हायचं आणि ऊन चढलं की थांबायचं. एका गोंड्यात बारीक बारीक शेकडो फुलं. ती एकदम उमलत नाहीत, रोज थोडी थोडी उमलतात. म्हणून काल हात फिरवला तोच गोंडा आज पुन्हा, उद्या पुन्हा. दांडा कमरेइतका, त्यामुळं धड उभंही राहता येत नाही आणि बसताही येत नाही. अर्धवट वाकून पुढं सरकायचं. पहिल्याच दिवशी साळूबाईच्या कमरेत ऊसतोडीतली जुनी कळ उठली. कांद्याच्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. फडक्याला पिवळी पूड लागायची. ती तिच्या नाकात, केसांत, भाकरीच्या घासात सगळीकडं गेली.

आसाराम मागून चालायचा. त्याला घाईनं केलेलं चालत नव्हतं आणि सावकाश केलेलंही चालत नव्हतं. एकदा साळूबाईचा हात जरा जोरात फिरला आणि चार फुलं गळाली. तो लगेच म्हणाला, "वहिनी, हात हलका. माशीवानी फिरवा."

पूजानं चटकन सासूकडं बघितलं. साळूबाई सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि आसारामच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या तोंडावर काहीच नव्हतं. खवचटपणा असता तर तिनं दोन शब्द सुनावले असते. पण तो खरंच सांगत होता, हात कसा फिरवावा ते. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती पुन्हा वाकली.

वरच्या अंगाला आसारामची पट्टी साळूबाईच्या शेवग्याच्या रांगेजवळून जात होती. ती रांग हद्दीच्या थोडी आत, म्हणून दोरीत सापडली नव्हती. सऱ्या करत करत दोघी तिथं पोचल्या तेव्हा पूजा थबकली. "आत्याबाई, इकडं हाय की." शेवगा फुलावर होता. त्याच्या मागच्या बोराटीत बोटभर फांदीला एक लहानसं मोहळ लोंबत होतं. बारीक माश्या शेवग्यावरून कांद्यावर आणि कांद्यावरून शेवग्यावर ये-जा करत होत्या. गोंड्यागोंड्यावर दोन-चार बसलेल्या. साळूबाई फडकं गुंडाळलेला हात तसाच धरून उभी राहिली. तिनं आसारामला हाक मारली आणि दाखवलं. त्यानं बघितलं. "बरं," म्हणाला. "तरी हात फिरवून घ्या. तुमचा रोज सगळ्या सऱ्यांचा धरलाय."

चैत्र निम्मा सरल्यावर गोंडे वाळून तडकू लागले. ते खुडून ताडपत्रीवर वाळवायचं काम पुन्हा दोघींकडंच आलं. आदिनाथही मदतीला होता. खालच्या अंगाचे गोंडे खुडून एक ताडपत्री भरली, म्हणून वरच्या अंगाचे दुसऱ्या ताडपत्रीवर पसरले. त्यात कुणाचा काही हेतू नव्हता. वाळल्यावर काठीनं बडवले. मग वारं बघून साळूबाई तिवईवर चढली आणि सूप हलवू लागली. उपणणीचा तिचा हात चांगला, हे आसारामही मानायचा.

खालच्या अंगाचं सुपातून सुटलं, की खाली पडायच्या आधीच वाऱ्यावर जायचं. पोकळ बोंडं, पातळ पापुद्रे, न भरलेलं बी. राखाडी धुरळा होऊन ते उघड्या बांधावरून तिच्या रानात जाऊन पडायचं. तिच्या पायाशी काळं बी पडत होतं ते इतकं थोडं, की ताडपत्रीचा निळा रंग झाकला जात नव्हता. आसाराम म्हणाला, वारं लई हाय, जरा थांबा. ती थांबली. वारं पडलं, पुन्हा सूप हलवलं, तरी तेच. यंदा थंडी उशिरापर्यंत राहिली, असं तो म्हणाला. मग म्हणाला, मधी आभाळ आलं होतं.

दुपारून दुसरी ताडपत्री घेतली. पहिल्याच सुपाला बी सरळ खाली पडलं. टपटप आवाज आला. काळं, टणक, तुकतुकीत. दिवस कलेपर्यंत त्याचा चांगला ढीग झाला. सऱ्या त्या निम्म्याही नव्हत्या, आणि ढीग पहिल्यापेक्षा मोठा. दोन्ही ढीग शेजारी शेजारी पडले होते. सहादेव काठी टेकत आला होता, तो बघत होता. पूजा बघत होती. आदिनाथ पोत्याचं तोंड धरून उभा होता, त्यानं एकदा या ढिगाकडं बघितलं, एकदा त्या ढिगाकडं, आणि मग उघड्या बांधाकडं. साळूबाई तिवईवरून उतरली.  बोलायची गरजच नाही असं तिला वाटलं. सगळं समोर पडलेलं होतं, लहान पोराला दिसेल असं.

आसाराम दोन्ही ढिगांच्या मधी उभा होता. त्यानं वाकून इकडचं बी मुठीत घेतलं, तिकडचं घेतलं, दोन्ही तळहातांवर धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं फावडं घेतलं आणि छोटा ढीग मोठ्या ढिगावर ओढला. दोन-चारदा खालवर केलं.

"वरच्या अंगाला जमिनीला कस हाय," तो म्हणाला. "आदिनाथ, पोतं धर."

आदिनाथच्या हातातलं पोत्याचं तोंड सुटलं होतं. त्यानं ते पुन्हा धरलं, पण खाली मान घालून.

साळूबाईनं सूप झटकलं. एवढे दिवस तिला वाटत होतं, याला कळत नाही म्हणून हा असा वागतो. कळलं की बोलेल, निदान गप बसेल. आता त्याला कळलं होतं. दोन्ही हातांवर घेऊन त्यानं ते तोललं होतं. आणि कळून त्यानं फावडं उचललं होतं.  सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कंपनीनं बी नेलं. बरंचसं उगवणीला कमी भरलं म्हणून परत आलं, असं पूजा कुठूनतरी ऐकून आली. नंतर एका सांजेला आसाराम चहाला म्हणून ओसरीवर येऊन बसला. सहादेवशी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, पुढच्या साली सगळं बी वरच्या अंगालाच धरायचं म्हणतो, शेवग्याच्या कडंनं. जाता जाता उंबऱ्यात थांबून साळूबाईला म्हणाला,

"वहिनी, ती शेवग्याची रांग तेवढी ऱ्हाऊ द्या. तोडू नका."

साळूबाईच्या हातात चहाची कपबशी होती. ती तिनं खाली ठेवली. आपल्याच झाडांबद्दल हा आपल्याला सांगतो, आणि तेही परवानगी दिल्यासारखं. ती उठून उभी राहिली. 

"उद्या बांधावर खड्डे घेनार हाय मी. लिंबाची रोपं काढलीत. तुमीबी पहार घेऊन या. झाडं तोडताना निम्मी तुमची हुती, लावतानाबी निम्मी तुमचीच."

आसाराम हसला. उद्या शेवगावला जायचंय म्हणाला, आणि गेला. तिनं सहादेवकडं बघितलं. सहादेवनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जाऊ दे हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले तिला दिसले. पण त्या दिवशी ते बाहेर पडले नाहीत.

सकाळी ती एकटीच पहार घेऊन बांधावर गेली. उन्हाळ्यानं मुरूम दगड झाला होता. पहार आपटली की ठण्ण वाजायची आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जायच्या. जुन्या मुळ्या आडव्या येत होत्या. थोड्या वेळानं आदिनाथ आला. तिच्या हातातून त्यानं पहार घेतली आणि ती फावड्यानं माती ओढू लागली. लावलेलं रोप जगेल का, जगलं तरी त्याला ढोली पडायला किती पावसाळे जातील, हा हिशेब करायला नको म्हणून ती नुसती माती ओढत राहिली.

आसाराम शेवगावला गेला नव्हता. तो विहिरीवरून येताना दिसला. पलीकडं थांबून त्यानं बघितलं आणि हात वर करून ओरडला, "तिथं नको, आदिनाथ. ट्रॅक्टर वळत न्हाई तिथं. तुमच्या अंगाला सरकून घ्या."

आदिनाथची पहार वरच्यावर थांबली. त्यानं चुलत्याकडं बघितलं. मग विहिरीवरच्या त्या कुलूप लावलेल्या पेटीकडं बघितलं. साळूबाई फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. ती या वेळी त्याला काहीच सांगणार नव्हती.

आदिनाथनं पहार खाली आणली, त्याच खड्ड्यात. मुरमाचा एक टवका उडून तिच्या पायाला लागला. खड्डा अजून वीतभरही झाला नव्हता.